दाराच्या फटीत हात

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, उजवी करंगळी वाकडी आहे. बापाने दार आपटलं तेव्हा ती फटीत सापडली. आमच्या बापाने दार वाजवायला घेतलं की थांबणं नाही. आधी थाप, मग बुक्की, मग लाथ. आम्ही तिघं भावंडं आत, मी आणि धाकटी बहीण कोपऱ्यात, आणि ताई दाराला पाठ लावून उभी. तरी दार उघडायचंच, आणि पहिला मार तिलाच बसायचा. बाप मेला तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

ताई पुढे प्रोग्रामर झाली आणि मी टायरच्या दुकानात चिकटलो. इंटरनेटवर एका कॉम्प्युटरला दुसऱ्याकडून काही हवं असलं की विनंती पाठवावी लागते. ती पाठवायची, उत्तराची वाट बघायची, नाहीच आलं तर परत पाठवायची, ही हमाली करणारी छोटी छोटी फंक्शन्स ताई लिहिते. ठिकठिकाणचे प्रोग्रामर तिची लायब्ररी, म्हणजे अशा फंक्शन्सचा संच, आयती उचलून वापरतात, आणि काही बिघडलं की शिव्या मात्र हिला.

"म्हणजे लोकांची दारं वाजवायची," मी एकदा चिडवलं.

"वाजवायची, पण माणसासारखी. उत्तर नाही आलं तर थोडं थांबायचं. परत नाही आलं तर दुप्पट थांबायचं. लाथा घालायच्या नाहीत."

यावर आम्हा दोघांनाही हसू आलं नाही. 'थांब' हा तिचा लाडका शब्द. मी गिऱ्हाइकाच्या नाकावर ठोसा मारला होता तेव्हाही ती मध्ये पडून तेच म्हणत होती.

त्या दुपारी ती दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्या फंक्शनमध्ये चूक निघाली होती. येणाऱ्या उत्तराचे दोन भाग असतात म्हणे. वर फक्त काम ठीक झालं की नाही एवढंच, आणि खाली खरा मजकूर. ताई त्यांना माथा आणि अंग म्हणते. कुठलासा सर्व्हर माथ्यावर 'ठीक' लिहून रिकामंच अंग पाठवत होता.

"आणि माझं फंक्शन 'ठीक' वाचून खुशाल परत फिरत होतं," ती म्हणाली. "आत डोकावतच नव्हतं रे!"

"मग कर की दुरुस्त."

"केलं. तू धाकटीला शेवटचं कधी पाहिलंस?"

"परवाच बोललो तिच्याशी."

"बोललास. पाहिलंस कधी?"

मला आठवेना. आमची धाकटी बहीण फोनवर रोज एकाच सुरात म्हणायची, "ठीक आहे." भेटायला येतो म्हटलं की कधी पाहुणे आलेले असायचे, कधी घरात रंगकाम निघायचं. माझ्या हातात टामी होती, टायर उचकटायची लोखंडी पट्टी. ती तशीच घेऊन मी दुकानाच्या गाडीत बसलो.

धाकटीच्या दारावर ताईने थाप मारली आणि थांबली. परत मारली, आणखी थांबली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेवटी मेहुण्याने साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "झोपलीये ती. सगळं ठीक आहे."

"ठीक आहे गं, ताई," आतून आवाज आला.

"मग पुढे ये. मला बघू दे तुला."

आतून कोणी पुढे आलं नाही. मेहुण्याने दार ढकललं, आणि ताईने फटीत उजवा हात घातला. तोच हात! त्याने अंगाचा भार टाकून दार दाबलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ताई किंचाळली, पण तिने हात काढला नाही. तो काढला असता तर दार बंद झालं असतं. त्याने दार मागे घेऊन पुन्हा आपटलं. चौकटीवरून रक्त ओघळायला लागलं.

मी सवयीने तिच्याकडे बघितलं. ती थांब म्हणेल असं वाटलं.

"फोड," ताई म्हणाली.

मी टामी घालून साखळी उखडली. दार मेहुण्याच्या तोंडावर बसलं. तो उठायच्या आत मी त्याच्या गुडघ्यावर टामी हाणली, मग खांद्यावर, मग लाथा. थांबावंसं वाटत नव्हतं. आपण बापासारखे लाथा घालतोय हे कळलं तेव्हा मी टामी खाली टाकली.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा पार मिटलेला, जबडा सुजून निळा पडलेला, मनगटाचं हाड भलतीकडेच आलेलं. घाबरून ती पुटपुटत होती, "ठीक आहे, ठीक आहे."

ताईने काही विचारलं नाही. डाव्या हाताने तिच्या पाठीवरचा कपडा वर केला आणि बघितलं. पट्ट्याचे वळ होते, जुन्यांवर नवे. ताईने सगळे बघितले.

दोघींना गाडीत घालून मी दवाखान्याकडे निघालो. ताईचा हात रुमालात गुंडाळलेला होता आणि सीटवर रक्त ठिबकत होतं. वाटेत तिने धाकटीला विचारलं, "कशी आहेस?"

ताई उत्तरासाठी थांबली.

"ठीक नाही गं," धाकटी म्हणाली. "मुळीच ठीक नाही."

ताई हमसून रडायला लागली. मला समोरचा रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली.