पोथीतलं कार्ड

ही गोष्ट आमच्या घरात चमत्कार म्हणून सांगितली जाते. सांगणाऱ्यांत मी कधीच नसतो. तिच्यातला एक भाग फक्त मला ठाऊक आहे आणि तो लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

सुनबाईला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा लातूरला ऑपरेशन झालं. स्तन काढून त्या जागी डॉक्टरांनी इम्प्लांट बसवलं आणि त्याचं कार्ड जपून ठेवायला सांगितलं. मला ते सगळं नटणं वाटलं. उदगीरच्या आमच्या घरी माणसांचा राबता. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते कार्ड मी माझ्या पोथीत सरकवलं.

सात वर्षांनी ती बाजू एकाएकी सुजली. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतुसंसर्ग असेल. पण खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित वेगळा कर्करोगही होतो. कोणतं बसवलंय ते कार्डावर असतं." लातूरचा दवाखाना कधीच बंद पडला होता. मुलाने विचारलं, "दादा, कार्ड पाहिलंत का कुठं?" लपवल्याच्या लाजेपोटी मी नाही म्हणालो. पोथी माझ्या पिशवीतच होती. दोन दिवस औषधं चालली, सूज हटेना, आणि मी बंद पोथी मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत बसलो.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बिलोलीकडची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "काका, नुसती मांडीवर घेऊन काय बसलाव? माझ्या लेकीसाठी चार ओळी वाचा की मोठ्यानं."

"चष्मा नाही."

"नाकावर हाय की ओ!"

मग नाही म्हणवेना. पोथी उघडली आणि कार्ड थेट तिच्या पदरात पडलं. मुलगा समोरच उभा होता. त्याने कार्ड उचललं, त्यावरचं इम्प्लांटचं नाव वाचलं आणि वाकून पोथीलाच नमस्कार केला.

इम्प्लांट खडबडीतच होतं. सुजेत साचलेल्या पाण्याची खास तपासणी झाली. कर्करोग निघाला, पण भोवतीच्या आवरणापुरताच. आवरणासकट इम्प्लांट काढलं. सुनबाई आज बरी आहे.

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मी पोथी घट्ट धरून बसलो होतो, ती भक्ती नव्हती, एवढं मला कळलं. माझ्या हातून सुटत नव्हतं ते देवाने सोडवून घेतलं. त्याचे उपकार फिटणारे नाहीत.

दर गुरुवारी सुनबाई पोथीला हळदकुंकू वाहते. "मामंजी, हिनंच वाचवलं मला," म्हणते. मागच्या गुरुवारी मी धीर केला. "सुनबाई, ते कार्ड पोथीत मीच..."

"आधी वाचा, मामंजी. दिवा फडफडतोय."

मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो.