हो, बोलतात की

काहीही विचारा, बाई आधी दोन बोटं गळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "आवाजाला विचारून सांगते." हळदीकुंकवाला येणार का? आवाजाला विचारून सांगते. रविवारची ड्यूटी बदलून देणार का? आवाजाला विचारून सांगते. नव्या माणसाला वाटायचं, आवाज म्हणजे यांच्या घरातलं कोणी वडीलधारं माणूस असावं. एका परीनं ते खरंच होतं.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात झाशीवरून गाडीनं गेलं असेल, तर बाईंना तुम्हीही ऐकलेलं आहे. यंत्रातून बोलणारा आवाज यायच्या आधीची ही गोष्ट. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार, किती उशिरा येणार, हे तेव्हा हाडामांसाचं माणूस सांगायचं. चौकशीच्या खोलीत आमच्या पाळीला आम्ही तिघं होतो. मिश्राजी फोन घ्यायचे, मी खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खायचो आणि आतल्या कपाटाएवढ्या काचेच्या खोलीत माइकपुढे बाई बसायच्या.

गाडी चार तास लेट आहे हे कोणत्याही स्वरात सांगितलं तरी लोक चिडतातच. पण बाईंनी सांगितलं की चिडलेला माणूससुद्धा मुकाट्यानं वळकटी उलगडायचा. एकदा एक म्हातारे सरदारजी खिडकीशी आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाले, "वो जो अंदर बोलती हैं, उनको मेरी नमस्ते कहना." मी निरोप दिला. बाई लाजल्या आणि लगेच थर्मास उघडून कोमट पाण्याचा घोट घेतला, जणू स्तुतीनंही घसा बसतो.

पन्नाशी उलटली तसं त्यांचं गळ्याचं पथ्य फारच वाढलं. सकाळी मिठाच्या गुळण्या, दुपारी गालात ज्येष्ठमधाची काडी. दही नाही, चिंच नाही, लोणच्याकडे तर बघायचंसुद्धा नाही. झाशीचा मे महिना ज्यानं काढलेला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. पत्र्याखाली आमची खोली भट्टीसारखी तापायची, मिश्राजी सुरई भरून ठेवायचे आणि बाईंना आग्रह करायचे, "जिज्जी, एक घूँट तो लै लो!" जिज्जी थर्मासातलं कोमट पाणी पीत बसायच्या. मी त्यांना चिडवायचो, "ताई, स्वर्गातही अमृत कोमट करून मागाल." त्या म्हणायच्या, "हसा भाऊ. तुमचं काय, तुम्हाला खिडकीत नुसतं मान हलवून भागतं."

माझीही त्यांच्यासारखीच गत. पिढ्यान्पिढ्या झाशीत, घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. स्टेशनवर मराठी बोलायला आम्ही दोघंच, म्हणून आमची जरा जास्त गट्टी होती. त्यांचं घर खंडेराव गेटच्या आत. गणपतीत मी आरतीला जायचो. सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत असायचे आणि बाई नुसत्या टाळ्या वाजवायच्या. "देवाला ठाऊक आहे," म्हणायच्या, "त्याला सूट मागितलीय मी." घरी त्या बोलायच्या त्याही कुजबुजत आणि मोजकं. मुलीला हाक मारायची तर टिचकी वाजवायच्या. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते, शांत आणि विनोदी. ते म्हणायचे, "लग्न माझ्याशी केलं आणि बोलते प्लॅटफॉर्मशी." आम्ही सगळे हसायचो. घरात बाईंनी गप्प असणं ही काही नवी गोष्ट नव्हती, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

एका श्रावणात त्यांना गळ्यात काहीतरी टोचायला लागलं. गुळण्या करताना म्हणे गाठ लागली. त्यांचा चेहरा असा उतरला की मिश्राजींनी खुर्ची पुढे केली. त्यांचे मोठे भाऊ गळ्याच्या आजारानं गेले होते. "डॉक्टरनं दादाला हात लावला आणि तीन महिन्यांत आटोपलं," हे त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. सदर बाजारातल्या डॉक्टरांनी ग्वाल्हेरला पाठवलं. आठ दिवसांची रजा, तपासण्या, घरात नवस. आणि नवव्या दिवशी बाई हातात पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! ग्वाल्हेरचे डॉक्टर म्हणाले होते, "बहनजी, गले में कुछ नहीं है, वहम है." हे त्यांनी स्वतःच नक्कल करून सांगितलं.

मला चेष्टेची खोड. त्या दिवसापासून खोलीत कोणी खोकललं, शिंकलं, नुसता घसा खाकरला तरी मी म्हणायचो, "चला, ग्वाल्हेर!" मिश्राजींनी ते उचललं, मग हमालांनी उचललं, मग चहावाल्यानं. दोन वर्षं आम्ही ती गंमत चघळली. बाईही हसायच्या. मला वाटायचं, त्यांना आवडतंय.

दोन वर्षांनी ऐन थंडीत बाईंचा आवाज बसला. थंडीत कोणाचा बसत नाही? मध झाला, आलं झालं, हळद-दूध झालं. संक्रांत होऊन गेली तरी आवाज उघडेना. एका दुपारी दिल्लीकडच्या गाडीचा फलाट बदलला आणि सांगता सांगता आवाज मध्येच तुटला. बाहेर माणसं जिन्यावर अर्ध्यात उभी राहून वर भोंग्याकडे बघायला लागली. मी धावत काचेच्या खोलीत शिरलो आणि माइक ओढून उरलेलं सांगून टाकलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "ताई, काही नाही, एवढं काय!"

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. मिश्राजी फोन घेणार, बाई कागदाच्या कपट्यावर सुवाच्य अक्षरात घोषणा लिहिणार आणि मी ती वाचणार. माझी पाळी मी कायम बाईंच्या पाळीला जुळवून घेतली. साहेबांना काय, घोषणा झाल्याशी कारण. आमचे आम्ही खूश होतो. खरं सांगायचं तर मला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता. एका माणसाची अब्रू आपण झाकतोय, आपल्यासारखे सोबती आजकाल मिळतात कुठे, असं मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

मी त्यांना डॉक्टरकडे जा म्हणत नव्हतो असं नाही. म्हणत होतो. बाई कपट्यावर लिहायच्या, 'पुन्हा ग्वाल्हेर? लोक हसतील.' मी म्हणायचो, "कोणी हसणार नाही." त्यावर त्या माझ्याकडे नुसत्या बघायच्या. मग होळीनंतर जाते, मुलीची परीक्षा झाली की जाते. त्यांना दोन भयं होती. एक दादांचं. दुसरं, डॉक्टर म्हणेल बोलणं बंद करा, आणि मग माइक जाईल, कुठल्यातरी फायलींच्या खोलीत बसावं लागेल. आवाज वाचवण्यासाठीच तर त्यांनी जन्मभर तोंड बंद ठेवलं होतं.

एप्रिलमधली एक दुपार मला अजून सुटत नाही. बाई डबा विसरल्या होत्या म्हणून त्यांची मुलगी तो घेऊन खिडकीशी आली. कॉलेजात होती तेव्हा. तिला मराठी कळायची, बोलताना मात्र अडखळायची, म्हणून हिंदीच. डबा देऊन ती गेली नाही. घुटमळली आणि म्हणाली, "काका, एक बात पूछूँ? आई यहाँ तो बोलती हैं ना?"

मी म्हणालो, "का गं?"

"घर में दो महीने से बस इशारे। पहले फुसफुसाती तो थीं। बाबा कहते हैं, सारी आवाज़ स्टेशन पर खर्च हो जाती है, घर में चुप रहने दो। पर मुझे डर लगता है।"

मी इतके दिवस धरून चाललो होतो की बाई निदान घरी चार शब्द बोलत असतील. घरचे धरून चालले होते की स्टेशनवर बोलते. आणि बाई कुठेच बोलत नव्हत्या. आवाज राखून ठेवायच्या त्यांच्या सवयीमुळे घरच्यांना शंका आली नाही, आणि माझ्या मदतीमुळे स्टेशनवर कोणाला आली नाही.

मी मागे वळून पाहिलं. बाई काचेआड उभ्या होत्या. त्यांना काय चाललंय ते कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई, सगळं स्टेशन जिला मानायचं, ती माझ्यासमोर हात जोडून उभी होती.

मी मुलीला म्हणालो, "हो, बोलतात की. आत्ताच तर गाडी सांगितली त्यांनी."

पोरीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तो ठीक है। मैं यूँ ही घबरा गई," म्हणाली आणि ओढणी सावरत गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. न ठेवायला तिला काही कारणच नव्हतं.

बाईंनी कपटा पुढे केला. 'उपकार झाले. भाचीचं लग्न पंधरा दिवसांवर आहे, ते होऊ दे, मग नक्की.' मी रागावलो, पण मानलं. पंधरा दिवस म्हणता म्हणता पाच आठवडे गेले.

मग एका सकाळी पुलाचा जिना चढताना त्या मध्येच थांबल्या. श्वास घेताना गळ्यातून शिट्टी वाजत होती. रुमाल तोंडाला लावला, तो लाल झाला. त्या दिवशी मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. सुट्टी टाकून त्यांना टेंपोत बसवलं आणि तडक खंडेराव गेटला नेलं. यजमान ऑफिसला निघायच्या तयारीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. थंडीपासूनचं, कपट्यांचं, माझ्या घोषणांचं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"म्हणजे तिकडेपण नाही?" एवढंच ते म्हणाले.

मुलगी दारात उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

या वेळी ग्वाल्हेरचे डॉक्टर वहम म्हणाले नाहीत. त्यांनी मुंबईला पाठवलं. तिथे स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक पाडलं, त्यातून श्वास. परत आल्यावर यजमानांनी मला सांगितलं की तिथले डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला आणलं असतं तर नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं, आवाजही बहुतेक राहिला असता. हे त्यांनी मला टोचून सांगितलं नाही, नुसती हकिगत सांगावी तसं सांगितलं. टोचून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. घरात मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. बाईंनी म्हणे मुंबईतच लिहून दिलं होतं, 'भाऊंना दोष देऊ नका, मीच गळ घातली.'

पुढच्या पावसाळ्यात मानेत पुन्हा गाठ आली. आता काही करता येण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी भेटायला गेलो तेव्हा बाई खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. गळ्याभोवती पांढरं फडकं. फार वाळल्या होत्या. मला बघून मात्र खरंच आनंदल्या. उशाची वही घेतली आणि लिहिलं, 'माइकवर कोण?' मी म्हणालो, "मीच." त्यांनी लिहिलं, 'गार पाणी पिऊ नका.' मी हसायचा प्रयत्न केला आणि मला रडू फुटलं. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. म्हणालो, "ताई, त्या दिवशी पोरीला मी खोटं सांगितलं. तुम्ही हात जोडलेत, मला नाही म्हणवेना. मी तुमचं ऐकलं, ताई."

आता तुम्हाला खरं सांगतो. त्यांनी लिहावं, जाऊ द्या भाऊ, तुमचा काय दोष, एवढंच ऐकायला मी गेलो होतो. माफी मागायला नव्हे, ती घेऊन यायला.

बाईंनी पेन्सिल उचलली. मग लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

'ऐकायचं नव्हतं माझं. मला जगायचं होतं.'

स्वयंपाकघरातून मुलगी चहा घेऊन येत होती. बाईंनी ते पान फाडलं, मुठीत चुरगाळलं आणि उशीखाली सारलं. मला हातानं खूण केली, चहा घ्या. मी घेतला. मुलगी म्हणाली, "काका, और लेंगे?" मी नको म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर बाई पाच आठवडे होत्या. माझं घर प्रेमनगरात, सायकलवर वीस मिनिटांची वाट. मी गेलो नाही. एकदम खांदा द्यायलाच गेलो.