मनकर्णाचे बारा शब्द

बँकेच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा मनकर्णाच्या ओट्यावर बसलेलं बरं, असं तिसगावातल्या निम्म्या बायकांचं मत होतं. मनकर्णा बीसी सखी होती. म्हणजे बँकेनं तिला एक छोटं मशीन आणि गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं होतं. बाईनं मशीनवर अंगठा लावायचा किंवा कार्ड घालून चार आकडे दाबायचे, आणि मनकर्णानं पैसे मोजून तिच्या हातात ठेवायचे. दर व्यवहारामागं तिला थोडं कमिशन मिळायचं.

आता कार्डाचे आकडे कुणाला सांगू नयेत, हे सगळीकडं लिहिलेलं असतं. वाचतंय कोण. बनुबाई नावाची म्हातारी अख्ख्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात आपले आकडे सांगायची. मनकर्णा तोंड फिरवून ‘तुमीच दाबा’ म्हणाली, की तिला राग यायचा. ‘मला दिसत न्हाई, तूच दाब,’ म्हणायची, आणि वर विचारायची की तू काय परकी हायेस का. अशा चाळीसेक बायकांचे आकडे मनकर्णाला पाठ होते. सहा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं झाला नव्हता. तिला याचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता, कारण नवऱ्याच्या घरात तिच्या स्वतःच्या नावाची तेवढी एकच गोष्ट होती.

नवरा कानिफनाथ तसा वाईट माणूस नव्हता. ज्या नवऱ्यांबद्दल आपल्याकडं एवढंच बोलता येतं, त्यांतला तो होता. सहा एकर रान, कांदा आणि कपाशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची एकुलती एक लेक संस्कृती दहावीला शाळेत दुसरी आली, तेव्हा त्यानं पेढे वाटले. ती नर्स व्हायचं म्हणाली, तेव्हा त्यानं हिशोब विचारला. नगरच्या खासगी कॉलेजची फी, होस्टेल, कपडे, पुस्तकं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझ्या आईच्या कमाईवर शिकायचं असेल तर शीक, रानाला मी हात लावू देणार नाही. बारावी झाल्यावर फीचे पैसे हातात असले तर कॉलेज, नसले तर आलेलं स्थळ बघायचं. हे त्यानं भांडून नव्हे, जेवता जेवता सांगितलं, आणि अशा माणसांनी जेवता जेवता सांगितलेलं पुढं बदलत नाही.

कमिशनचे पैसे साठवून दोन वर्षांत फी जमणार नाही, हे मनकर्णाला कळत होतं. दुसऱ्यांचे पैसे मोजून तिचं स्वतःचं गणित पक्कं झालं होतं. अशात एका दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं मोबाईलवर क्रिप्टोचा, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्याचा, व्हिडिओ पाहिला. कळलं काहीच नाही, म्हणून संध्याकाळी लेकीला पुढं बसवून विचारलं, हे नाणं ठेवतात कुठं? संस्कृती म्हणाली, कुठंच नाही. मग त्याच्यावर शिक्का कुणाचा? कुणाचाच नाही. मनकर्णानं दोन दिवस तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. तिसऱ्या दिवशी संस्कृतीनं कुठंतरी वाचून सांगितलं की, यात नफा झाला तर सरकार तीस टक्के कर घेतं. तेव्हा मनकर्णाचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“म्हंजी सरकारला ठावं हाय,” ती म्हणाली. “मग बरं हाय.”

कर ऐकून हायसं वाटलेली बाई साऱ्या जिल्ह्यात ती एकटीच असेल. पॅन कार्ड, आधार, चेहऱ्याचा फोटो, सगळं रीतसर भरून तिनं पहिले पाचशे रुपये घातले. दुसऱ्या दिवशी त्याचे चारशे सत्तर झाले, तर तिला भाकर गोड लागेना. चौथ्या दिवशी पाचशे तीस झाले, तर तिनं शिरा केला. मग हळूहळू ती शिकली. भाव पडला की कपाळाला हात लावायचा नाही, चढला की गावात सांगायचं नाही. महिन्याचं कमिशन आलं की त्यातलं जमेल तेवढं घालायचं. घरखर्चाला हात लावला नाही, कुणाकडून उसने घेतले नाहीत, आणि ओट्यावरच्या पैशाकडं तर वाकडी नजरही गेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक हवं ते बोलतात.

वर्षभरानं संस्कृतीनं आणखी एक गोष्ट शिकून घेतली. आपलं नाणं कंपनीच्या ॲपवर ठेवण्यापेक्षा स्वतःच्या पाकिटात ठेवावं. हे पाकीटही मोबाईलमधलंच, पण त्याची किल्ली म्हणजे इंग्रजीतले बारा शब्द. ज्याच्याकडं ते बारा शब्द, त्याचं पाकीट. ना सही, ना अंगठा, ना तक्रार घ्यायला कुणी साहेब. संस्कृतीनं ते शब्द देवनागरीत कागदावर लिहिले आणि मनकर्णानं कागद देव्हाऱ्यात टाकांच्या खाली ठेवला, कारण त्या घरातलं जपून ठेवायचं सगळं तिथंच जायचं. कागद भिजला तर काय, म्हणून तिनं शब्द पाठही केले. भाकरी थापताना ती ‘रिव्हर, लॅडर, अनियन’ म्हणत असायची. एकेकाचा अर्थ लेकीला विचारायची. अनियन म्हणजे कांदा, हे कळल्यावर तिला आपल्या रानातलंच काही सापडल्यासारखं वाटलं. “कुणालाच सांगायचं न्हाई आई,” संस्कृती बजावायची. “देवाला बी न्हाई.” मनकर्णा हसायची, एवढी वर्षं आकडे सांभाळणाऱ्या बाईला पोरगी शहाणपण शिकवते म्हणून.

बारावी झाली, नर्सिंगची सीईटी झाली आणि यादीत संस्कृतीचं नाव लागलं. भाव त्या दिवाळीपासूनच चढत आला होता. घातलेल्याचे दीडपट झाले होते. कर वजा जाऊनही पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेल निघत होतं. मनकर्णानं हा आकडा नवऱ्याला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, मग भर फी. बोलला होता तसं त्यानं केलं. त्या आठवड्यात मनकर्णाच्या चालण्यात फरक पडला होता, असं ओट्यावरच्या बायका सांगतात. संस्कृती तर भेटेल त्या बाईचं मनगट धरून नाडी मोजत सुटली होती.

फी भरायला चार दिवस होते. संस्कृती कागद तपासून घ्यायला सकाळच्या एसटीनं नगरला गेली. जाताना म्हणाली, मी संध्याकाळी आल्यावर दोघी मिळून नाणं विकू. पण मनकर्णाला वाटलं, पोरगी दमून येईल, तोवर आपण काम उरकून ठेवू. तिला लेकीला चकित करायचं होतं, दुसरं काही नाही. तिनं पाकीट उघडलं, विकायच्या ॲपवर नाणं पाठवायचं बटण दाबलं आणि लाल इंग्रजी अक्षरं आली. पाठवणावळीचे थोडे वेगळे पैसे पाकिटात लागतात, एवढंच ती सांगत होती, पण मनकर्णाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल अक्षरं. पैसे दिसत होते आणि जागचे हलत नव्हते.

नवशिक्यांच्या एका ग्रुपवर ती वर्षभर होती, तिथं तिनं मदत मागितली. पाच मिनिटांत फोन आला. बाई शुद्ध मराठीत बोलत होती, आवाज शांत होता. म्हणाली, ताई, घाबरू नका, पाकीट अडकलंय, पडताळणी करावी लागेल. तुमचे बारा शब्द सांगा. मनकर्णा थबकली. म्हणाली, ते कुणाला सांगायचे नसतात. आणि त्या बाईनं, ती कोण कुठली देव जाणे, बरोबर जिथं लागायला हवं तिथं बोट ठेवलं. म्हणाली, खरं आहे ताई, कुणाला सांगू नयेत. पण काम करणाऱ्याला विचारावंच लागतं. मला तरी काय हौस आहे का लोकांचं गुपित विचारायची?

मनकर्णाला ती बाई पटली. तिच्या ओट्यावर रोज हेच चालायचं. लोक आकडे सांगायचे, ती दाबायची, आणि बाया पैसे पदरात बांधून घरी जायच्या. विचारणारी चोर असते असं मानलं, तर ती स्वतः कोण होती? सहा वर्षं तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. आता एका कामकरी बाईवर आपण कसा घ्यायचा, याचीच तिला लाज वाटली. कागदाची गरज नव्हती. तिनं बारा शब्द एका दमात, न अडखळता म्हणून दाखवले. बाई म्हणाली, छान पाठ आहेत तुम्हाला. चहाला आधण ठेवून ती परत आली, तेव्हा पाकीट रिकामं होतं.

संस्कृती संध्याकाळी आली. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, मोबाईल समोर. तिला सांगायला फार शब्द लागले नाहीत. संस्कृतीनं मोबाईल पाहिला, फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, तक्रारीचा क्रमांक दिला आणि असे पैसे परत मिळणं अवघड असतं, हेही खरं सांगितलं. मग ती आईशेजारी बसली. रडली नाही. त्या पोरीनं तेव्हा रडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

“बापूंना मी सांगीन,” ती वडिलांबद्दल म्हणाली. “शब्द मी दिले म्हनून.”

मनकर्णानं मान वर केली.

“तू दिले हे गावात कळलं,” संस्कृती म्हणाली, “तर उद्या तुझ्या मशीनला अंगठा कोन लावंल? चाळीस बायांचे नंबर तुझ्यापाशी हायेत आई. तुझं काम जाईल. आनि माझं तर आता जायचं ते गेलंच की.”

मनकर्णा न्हाई म्हणाली. दोनदा म्हणाली. पण तिसऱ्या वेळी कानिफनाथची मोटारसायकल दारात थांबली. त्यानं विचारलं आणि संस्कृतीनं सांगितलं. तो ओरडला नाही. त्यानं पायातल्या चपला काढल्या, हातपाय धुतले आणि म्हणाला, एवढं शिकून एवढीच अक्कल आली, तर आणखी शिकून काय करायचंय. मनकर्णा चुलीपाशी उभी होती. सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि एकदा वेळ गेली की प्रत्येक दिवसानं ते वाक्य जड होत गेलं.

खरं सांगितलं असतं तर फी आली असती का? नसती. मनकर्णा हेच स्वतःला समजावत राहिली. पण कानिफनाथच्या मनात एखादं वर्ष थांबायचं येत होतं, हे तिला दिसलं होतं. शेजाऱ्याशी बोलताना तो तसं म्हणालाही होता, की पोरीचा दोष नसता तर पुढच्या साली बघितलं असतं, कांद्याला भाव लागला तर. हे तिनं ऐकलं आणि तरीही ती गप्प बसली. काम जाईल ही भीती खरी होती. पण त्यामागं आणखी एक होती. ओट्यावर लोक तिला जशी बघायचे, तशी ती त्यांना दिसायची बंद झाली असती. पोरीनं स्वतःहून हात पुढं केला होता आणि आईनं तो धरला. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. बनुबाई पगार काढायला आली, म्हणजे निराधार योजनेच्या पैशाला ती पगारच म्हणायची. मशीनपाशी टेकून म्हणाली, “तुझ्या पोरीनं समदं घालवलं म्हनं. तू असतीस तर असं झालं नसतं बग.” आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात तिनं आपले चार आकडे सांगितले. मनकर्णानं ते दाबले. पैसे मोजताना तिचा पहिल्यांदाच हिशोब चुकला आणि तिला नोटा पुन्हा मोजाव्या लागल्या. आत संस्कृती धुणं पिळत होती, तिला हे सगळं ऐकू गेलंच असणार.

फीची तारीख गेली. संस्कृतीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. महिन्याभरात शेवगावकडचं स्थळ घरी आलं. मुलगा सुप्याला कंपनीत होता, बरा होता, त्याच्याबद्दल वाईट बोलायला काही जागा नाही. त्याचे वडील आप्पासाहेब सतरंजीवर कानिफनाथशेजारी बसले, आई पुष्पावती संस्कृतीच्या समोर. संस्कृती पाटावर खाली मान घालून बसली होती. कुंकू लागलं, नाव विचारून झालं, स्वयंपाक येतो का तेही झालं. मग पुष्पावतीबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, की पैशाचं आमच्या कानावर आलंय, झालं ते झालं, पण आमच्याकडं सुनेच्या हातात मोबाईल नसतो, आणि नोकरीचं तर नावच नको.

“भोळी हाय पोरगी,” कानिफनाथ म्हणाला. “कुनीबी गोड बोललं की फसती. पर आता खोड मोडली तिची.”

आप्पासाहेब हसले, मग बाकीचे पाहुणेही हसले. मनकर्णा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सरळ उभी राहिली. सगळ्यांचं बोलणं थांबलं, कारण मुलाच्या आईच्या पुढ्यात मुलीची आई अशी उभी राहत नाही. ती काहीतरी बोलणार आहे, हे सगळ्यांना कळलं. संस्कृतीनं पाटावरून मान वर केली आणि आईकडं पाहिलं. या वेळी तिनं आईला अडवलं नाही. ती नुसती बघत राहिली, वाट बघत असल्यासारखी.

“चहात साखर बेताचीच घातलीय,” मनकर्णा म्हणाली. “लागली तर सांगा.”

संस्कृतीनं पुन्हा मान खाली घातली.