गेट-कार्डावर न मावलेलं नाव

गोवा घटक राज्य झाल्यावर काही वर्षांनी मी पेडण्याहून डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात जाऊ लागले. कामगारांची गेट-कार्डं छापणारा प्रोग्राम मला सी भाषेत लिहायचा होता. नाव कार्डाच्या मधोमध यावं म्हणून त्याची लांबी मोजावी लागे. ते काम स्ट्रलेन नावाचं तयार फंक्शन करायचं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

कार्डं वाटली त्याच सकाळी कोल्हापूरकडचा एक फिटर गेटवरून परत आला. त्याच्या नावाला गावाचं नाव चिकटलं होतं आणि अख्खी ओळ कार्डाच्या नंबरावर चढली होती. नंबर वाचता येईना म्हणून वॉचमनने अडवलं. मागोमाग आणखी तिघे आले, सगळे घाटावरचे. दुपारपर्यंत आत गेले नाहीत तर कंत्राटदार त्यांच्या जागी दुसरी माणसं उभी करणार होता.

"बाये, तुज्या काँप्युटराक घांटी आवडनात दिसता!" वॉचमन दारातून ओरडला.

"ओगी रावात, काका," मी त्यांना गप्प बसवलं खरं, पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. तोच प्रोग्राम, तोच प्रिंटर, आणि आमच्या पेडण्याच्या लोकांची कार्डं मात्र नीट. वायर बदलली, मशीन बंद करून चालू केलं. परत तेच.

"ताई, दुपारपतूर हुईल न्हवं?" फिटरने विचारलं.

शेवटी चांगली आणि बिघडलेली कार्डं शेजारी शेजारी मांडली. आमच्याकडच्यांनी नाव-आडनाव एवढंच दिलं होतं. घाटावरच्यांनी मध्ये वडिलांचंही घातलेलं. मी नावाला वीस अक्षरांची जागा ठेवली होती. स्ट्रलेन नाव संपल्याची शून्याची खूण सापडेपर्यंत मोजत जातं. वीसही जागा भरल्या की शून्याला जागाच उरत नाही, आणि मोजणी शेजारच्या गावाच्या नावात शिरते. तपासताना मी घरच्यांचीच नावं घातली होती, ती सगळी आखूड.

स्ट्रलेन काढलं. शून्य आलं की थांबायचं, नाहीच आलं तर विसाव्या अक्षरावर थांबायचं, आणि तेवढंच छापायचं.

नंबर स्वच्छ उमटला. फिटर कार्डाकडे बघतच राहिला. "ताई, आडनाव अर्धंच हाय की!"

"नंबर पुरा आहे ना? आधी आत जा. उरलेलं उद्या देते."

तो धावतच गेला. दुसऱ्या दिवशी मी जागा चाळीस अक्षरांची केली. चाळीसावर थांबायची अटही घातली, कारण पुढे कोण केवढं नाव घेऊन येईल ते मला तेव्हाही कळत नव्हतं.