घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं
सुक्या कोळंबीचे सोडे भाजल्याचा वास आला की मला माझा बुद्धिबळातला एकमेव पराक्रम आठवतो. त्या रविवारी पनवेलच्या घरी बायको सोडे भाजत होती आणि मी मोबाइलवर उरणच्या मेहुण्याशी खेळत होतो. माझी शैली म्हणजे वजीर घाईने बाहेर काढायचा आणि तितक्याच घाईने गमवायचा. रोज जिंकून मेहुणा कंटाळला होता. फोनवर म्हणाला, "दाजी, आज हरलात तर पुन्हा नाय खेळनार तुमच्याशी. झोप येते." डाव संपत आला, त्याला मात करायला एकच चाल हवी होती, आणि तेवढ्यात माझं एक प्यादं पलीकडे घोड्याच्या घरात पोचलं. वडिलांनी मला देशी नियम शिकवलेले. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं व्हायचं. मोबाइल वजीर देत होता, तरी माझ्या बोटाने सवयीने घोडा निवडला. त्या घोड्याचा शह बसला आणि मेहुण्याच्या राजाला हलायला जागाच उरली नाही. त्याने डाव मागे नेऊन पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "वजीर घेतला असता तर पुढच्या चालीला तुमी मेला असता. सुचलं कसं?" "अभ्यास," मी म्हणालो. बायको तव्याकडे बघत हसत होती. वजीर मी अजूनही घाईनेच घालवतो. पण मेहुणा आता त्यालाही माझा डाव समजून घाबरतो.