तुरीच्या वावरातला वेटसूट

अकोल्याकडच्या आमच्या मेडशीहून समुद्र किती लांब आहे ते मला विचारू नका. मी भूगोलाची बाई. अठरा वर्षं नकाशातल्या निळ्या रंगावर पट्टी आपटून समुद्र शिकवला आणि प्रत्यक्ष पाहिला तो त्रेचाळिसाव्या वर्षी, शाळेच्या सहलीत, मालवणला. पाहिला म्हणजे काय, थेट त्याच्या पोटातच शिरले. पोरी म्हणाल्या, "बाई, तुम्ही काही उतरणार नाही!" आणि मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. दहा मिनिटं तोंडात नळी धरून पाण्याखाली बसले. एक पिवळा मासा नाकासमोर येऊन थांबला, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा मला वरखाली न्याहाळून गेला. वर आले ती खुळी होऊनच.

पुढच्या सुट्टीत तिथंच रीतसर कोर्स लावला. चार बुड्या मारल्या की पाणबुड्याचं कार्ड मिळतं. दोन झाल्या आणि थंडीनं माझे दात वाजायला लागले. वेटसूट म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख; तिथले भाड्याचे सगळे वेटसूट माझ्या कमरेपाशी हात टेकायचे. शिकवणाऱ्या सरांनी मला बाहेर काढलं. "मापाचा सूट शिवून घ्या आणि वर्षाच्या आत या. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून! मी मनात म्हटलं, बघतेच.

माप नवऱ्यानं घेतलं. मध्येच टेप संपल्यावर "आता शेत मोजाची साखळी आनतो," म्हणाला आणि दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला. पार्सलनं सूट आला. सरांनी त्यांचा जुना रेग्युलेटरही पाठवला, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं नळ्यांचं यंत्र. शिवाय डोळ्यांवरचा मास्क आणि पायात घालायचे लांबलचक फिन्स. बरोबर वहीभर नियम. खाऱ्या पाण्यातून काढलं की लगेच गोड्या पाण्यात धुवा, हा पहिला. उन्हात वाळवू नका. तेल लावू नका. सूटची घडी घालू नका, जाड हँगरवर सावलीत, हवेशीर जागी लटकवा.

सरांना काय माहीत आमचं घर! सोयाबीनची पोती आढ्याला टेकलेली. शेवटी मास्क गेला स्टीलच्या डब्यात, रेग्युलेटर पुरणपोळीच्या डब्यात मऊ लुगड्यावर, आणि फिन्स कोठीच्या मागं. त्या होळीला पोळ्या परातीत झाकून ठेवल्या, पण यंत्राला हलवलं नाही. सूट मागच्या खोलीत लटकला. दूधवाला दारातूनच दचकला आणि "पाहुने आले काय?" म्हणून विचारता झाला.

या सगळ्याचं खरं कौतुक एकट्या मामाजींना. मामाजी म्हणजे माझे सासरे, सत्तरी ओलांडलेले. सूटला ते "तुयं कातडं" म्हणत. रोज एकदा त्याला हात लावून बघायचे आणि मला विचारायचे, "सूनबाई, समुद्र खरंच खारा असते, का पुस्तकात लिहून ठेवलं?"

"खरंच खारा, मामाजी. चला की या वेळी माझ्यासोबत."

"अन् तूर कोन राखन? रोही काय सुट्टी घेते?"

रोही म्हणजे नीलगाय. फुलावर आलेल्या तुरीत कळप शिरला की ओळीच्या ओळी फस्त. त्यामुळे तुरीला फूल लागल्यापासून सोंगणीपर्यंत मामाजी वावरातच. अकोल्याच्या पलीकडे ते कधी गेलेच नव्हते.

वर्षाची मुदत संपत आली. नाताळच्या सुट्टीत निघायचं ठरलं आणि नेमकं त्याआधी वाशीमला पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं. मी बहिणीकडे राहणार होते. जाताना मामाजींना बजावलं, "घरात उंदीर झालेत, सूटकडे लक्ष ठेवा. सावलीत, हवेशीर, घडी नको."

परत आले तर हँगर रिकामा. नवरा स्वतःच्या पायाची बोटं मोजत होता. "बाबाले विचार," म्हणाला.

तडक वावरात गेले. तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली मी उभी! पोटात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, गच्च भरलेलं, दोन्ही हात पसरलेले, डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर मास्क, आणि खाली फिन्स. आरशातसुद्धा मी इतकी हुबेहूब दिसत नाही.

"मामाजी!" मी किंचाळलेच.

मामाजी शांतपणे बिडी विझवत म्हणाले, "आता कायले वरडतं? तूच तं सांगून गेली. सावली हाय, हवा हाय, घडी नाही. उंदीर तं उंदीर, पाच दिवसात एक रोही इकडे फिरकला नाही."

खरंच होतं. आजूबाजूच्या वावरांत ओळी खुडलेल्या होत्या, आणि आमची तूर नवरीसारखी पिवळीधमक उभी. शेजारचा शेतकरी धुऱ्यावरून ओरडला, "वहिनी, दोन दिवस आमच्या वावरात पाठवा ना तुमाले!" मग मात्र माझा राग कुठल्या कुठं गेला. धुऱ्यावर बसून पोट दुखेस्तोवर हसले. मामाजीही हसले. हसता हसता म्हणाले, "मी तं मनात म्हनलं होतं, हे उभं राहीन अन् मी तुह्यासंगं येईन. मंग ध्यानात आलं, ते तं तुलेच घालाचं हाय."

मला एकदम गलबलून आलं. मी मडकं उतरवलं आणि दोघांनी मिळून मला रिकामं केलं.

कुटार शिवणीशिवणीत बसलं होतं. सूट उलटा करून टाक्यावर तीन पाण्यांनी धुतला, सावलीत वाळवला आणि दुसऱ्या दिवशी निघाले. सूट हँगरसकट हातात, फिन्स पोत्यात, मांडीवर पोळीचा डबा. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय, बाई?" "माझं कातडं," मी म्हटलं. त्यानं तिकीट फाडलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून पाहिलं नाही. शेजारच्या मावशींनी पोळ्यांच्या आशेनं डबा उघडायला लावला आणि आतल्या नळ्या बघून गपचूप खिडकीकडे सरकल्या.

मालवणला सरांनी सगळं सामान तपासलं. सूटच्या बाहीतून त्यांनी दोन बोटांनी सोयाबीनचं टरफल काढलं. "हे काय?"

"पीक," मी म्हटलं.

पाण्याखाली अंगभर खाज सुटली, पण थंडी म्हणाल तर नावाला नाही. दोन्ही बुड्या पूर्ण झाल्या. सरांनी पाण्यातच हात मिळवला आणि मी मास्कच्या आत रडले. पिवळा मासाही येऊन गेला. तोच असेल, मला तर तोच वाटला.

वर आल्यावर सगळे आपापलं सामान गोड्या पाण्याच्या टपात बुचकळत होते. मी मास्क धुतला, रेग्युलेटर धुतला, फिन्स धुतले. सूट मात्र तसाच ओलागच्च प्लॅस्टिकच्या थैलीत कोंबला आणि तोंड आवळून बांधलं. सर धावत आले. "मॅडम, पहिलाच नियम!"

"एवढ्या खेपेला माफ करा, सर."

मालवण ते पुणे, पुणे ते अकोला, अकोला ते मेडशी. थैलीला असा काही वास सुटला की बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली. मी मजेत पाय पसरून आले.

उतरले ती घरी गेलेच नाही. मामाजी निंबाखाली बसले होते. माझ्या जागी आता एका खांबावर त्यांचा स्वतःचा सदरा लटकत होता. मला पाहताच म्हणाले, "रोह्यायनं दोन ओळी खाल्ल्या. माया सदऱ्याले भेले नाही."

"मामाजी, हात पुढं करा."

थैली सोडून मी बाही पिळली. त्यांच्या तळहातावर चमचाभर पाणी पडलं. त्यांनी आधी वास घेतला, मग जिभेला लावलं.

"खारट हाय वं!" ते ओरडले. "खरंच खारट हाय!" पुन्हा चाटलं, थुंकले, आणि असे हसले की टोपी धुऱ्यावर पडली. शेजाऱ्याला हाका मारून बोलावलं, त्यालाही चाखायला लावलं.

मग मलाच दटावलं, "धू बाप्पा आता ते, खराब होईन." दोघांनी मिळून सूट विहिरीवर धुतला. ते बादलीनं पाणी ओतत होते, मी चोळत होते.

"पुढच्या साली इथं तूर नाही पेराची," ते म्हणाले.

"काहून, मामाजी?"

"हळद लावू. हळदीले रोही तोंड लावत नाही, राखाचं काम नाही." त्यांनी शेवटची बादली ओतली. "अन् तथं माया मापाचं कातडं भेटते का, इचारून ठेव."