खंडेनवमीला मशीनची सुट्टी

बाबांना कोणीही, कधीही, कसं आहे म्हणून विचारलं की उत्तर एकच, "फर्स्टक्लास!" रेल्वेच्या वर्कशॉपमधून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, आपल्यात बिघाड आहे हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फुप्फुसं जवळजवळ कामातून गेली होती, नाकात नळी होती, तरी फर्स्टक्लास.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही लखनौला विकास नगरमध्ये राहत होतो. हवेतून प्राणवायू काढून देणारं एक मशीन तेव्हा नवीनच मिळू लागलं होतं. विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून भाड्यानं आणलं. भाडं माझ्या ऑफिसच्या विम्यातून मिळायचं, पण दर महिन्याला बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागायची की रुग्णाला मशीनची गरज अजून आहे. आणि त्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "कैसे हैं बाबूजी?" बाबा छाती काढून म्हणाले, "फर्स्टक्लास!" डॉक्टरही भला माणूस, त्यानं चिठ्ठीत लिहून टाकलं, प्रकृतीत चांगली सुधारणा.

झालं! बिल अडकलं. मी इतकी चिडले की दोन दिवस बाबांशी धड बोलले नाही. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन बघणार, त्याला पटलं तर भाडं मिळणार, नाहीतर मशीन परत. ते परत गेलं तर बाबांचं काय होईल हे मला आणि आईला पक्कं ठाऊक होतं. बाबांनाही असावं, पण ते कशाला बोलतील!

तो माणूस नेमका खंडेनवमीला उगवला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. बाबांच्या जुन्या पान्यांपासून आईच्या विळीपर्यंत सगळं पाटावर. लखनौमध्ये इतकी वर्षं काढली तरी यात काडीचा फरक पडला नव्हता. त्या वर्षी आई मशीनकडे बघून बाबांना म्हणाली, "वर्षभर तुमच्यासाठी राबतंय बिचारं, त्याला नको का सुट्टी?" बाबांना हे मनापासून पटलं. "अगं, वर्कशॉपमध्ये लेथसुद्धा बंद असायचं!" नळी दिवसातून थोडा वेळ काढून ठेवायला डॉक्टरांची परवानगी होती, तो वेळ आज पूजेला द्यायचा असं ठरलं. माझं मत कोणी विचारलं नाही.

आईनं अमीनाबादच्या बाजारातून झेंडूचा भलामोठा हार आणला होता. मशीनला तो अडकवायला जागाच नव्हती, म्हणून तिनं तो वरच्या भिंतीतल्या खिळ्यावरून खाली मशीनवर सोडला. त्या खिळ्यावर बाबांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता. गादी उन्हात टाकायला गच्चीवर नेलेली. बाबा आंघोळीला गेलेले.

मी दार उघडलं. त्या गृहस्थांनी आत पाऊल टाकलं, बंद मशीन पाहिलं, रिकामी खाट पाहिली, हार घातलेला फोटो पाहिला आणि मुकाट्यानं बूट काढले. हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बहुत अफ़सोस हुआ. कब गुज़रे बाबूजी?"

आई हातात कुंकवाचा करंडा घेऊन तशीच पुढे आली. मग तिचा आवाज चढला. "अहो, काय बोलताय! सणाच्या दिवशी! नहा रहे हैं वो!"

तेवढ्यात बाबा बाहेर आले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, चेहरा ताजातवाना. गृहस्थांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग बाबांकडे. सावरल्यावर त्यांचा सूर बदलला. "माशाअल्लाह, आप तो बिल्कुल ठीक हैं! मशीन भी बंद है."

"फर्स्टक्लास!" बाबा म्हणाले.

मला त्या क्षणी रडू फुटायचंच बाकी होतं. एक तर मेलेले, नाहीतर ठणठणीत. आजारी म्हणून काही बाबा कोणाला दिसेनात. त्यात पाहुण्याला मशीन कसं चालतं हे समजावण्याची त्यांना हुक्की आली. उभ्यानंच सुरुवात केली. "देखिए, हवा इधर से अंदर... फिर नाइट्रोजन..." नाइट्रोजनपर्यंत आले आणि आवाज विरला. ओठ निळसर पडले. हात खाटेची कड शोधू लागला.

आईनं सोवळं, सुट्टी काही पाहिलं नाही. हार ओढला, बटण दाबलं, बाबांना खाटेच्या नुसत्या फळीवरच बसवलं आणि नळी नाकात घातली. मशीन धडधडायला लागलं. पाकळ्या सगळीकडे.

गृहस्थ बाबांसमोर खाली बसले. बाबांचा श्वास सावरू दिला. मग म्हणाले, "बाबूजी, सच बताइए. इसके बिना रह लेंगे?"

मला वाटलं, आता फर्स्टक्लास, आणि उद्या मशीन टेम्पोत. बाबांनी आईकडे पाहिलं. ती तुटका हार धरून उभी होती.

"नहीं," बाबा म्हणाले. "नहीं रह पाऊँगा. बहुत तकलीफ़ होती है."

भाडं मंजूर झालं. गृहस्थांनी श्रीखंड खाल्लं, निघताना मशीनलाही नमस्कार केला. संध्याकाळी आई पाकळ्या वेचता वेचता बाबांना म्हणाली, "इतका त्रास होतो, तर मला कधी का नाही सांगितलंत?"

"तू काय विमा कंपनीची आहेस?" बाबा म्हणाले.

आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा देताना ती हिंदीत विचारू लागली, "बाबूजी, सच बताइए." आणि तिच्यापुरतं तरी बाबा खरं सांगायचे.